गांडूळ (जयपूर परिसरातील मृदा)

वलयी (ॲनेलिडा) संघातील, ओलसर मातीत बिळे करून राहणारा अपृष्ठवंशी प्राणी. हिंदीत याला केंचुआ म्हणतात. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या मेटाफायर पोस्थ्यूमा या जातीची लांबी सुमारे १५ सेंमी. असून शरीराचे १०० ते १२० खंड असतात. त्यांपैकी १४ ते १६ या खंडांवरील जाड पट्ट्यास पर्याणिका म्हणतात व तिच्या स्रावापासून अंड्यांचा कोश तयार होतो.

गांडूळ त्वचेद्वारे श्वसन करीत असल्याने ओलाव्याशिवाय ते जगू शकत नाही. जयपूरच्या निमशुष्क प्रदेशात सुमारे ६०० मिमी. वार्षिक पाऊस पडतो व तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे तेथील वालुकामय, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या जमिनीत त्याचा वावर मुख्यतः पावसाळ्यात आणि ओलिताच्या शेतांत, बागांत व शेणखताच्या ढिगांखाली आढळतो. कोरड्या ऋतूत अनेक जाती खोलवर जाऊन श्लेष्माने लिंपलेल्या पोकळीत वेटोळे करून निश्चल राहतात. या अवस्थेस ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात.

गिळलेली माती व पालापाचोळा स्नायुमय पेषणीत दळला जातो आणि विष्ठेच्या बारीक गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो; या गोळ्यांत पिकांना उपलब्ध होणारी नत्र, स्फुरद ही पोषकद्रव्ये भोवतालच्या मातीपेक्षा सामान्यतः अधिक असतात, तर बिळांमुळे हवा व पाणी खोलवर पोहोचते. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मधील ग्रंथात हे कार्य सविस्तर मांडले.

गांडूळखतासाठी मात्र पृष्ठभागालगत राहणारी, मूळची परदेशी आयसेनिया फेटिडा ही जाती अर्धवट कुजलेल्या शेणावर सावलीत वाढवितात.