दिव्यावरचा बाण

गाडीचा दिवा हा इतिहासाचा विषय वाटत नाही. परंतु ज्या पट्ट्यात आम्ही कामगारांच्या सभा घेत हिंडलो, त्या पिंपरी-चिंचवड-चाकणचा गेल्या २५ वर्षांचा इतिहास दिव्याच्या काचेवर वाचता येतो, असे आमचे मत आहे.

आपली वाहने डावीकडून चालतात. म्हणून गाडीच्या मंद झोताची वरची कड समोरून येणाऱ्याच्या बाजूला आडवी कापलेली असते, आणि डाव्या बाजूला ती सुमारे १५ अंशांनी वर चढते. त्या चढत्या उजेडात कडेने जाणारा माणूस दिसतो, बैल दिसतो. हीच गाडी उजवीकडून चालणाऱ्या मेक्सिकोत नेली, की तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. दोन दिव्यांची अदलाबदल करून भागत नाही, कारण दोघांचाही रोख एकाच बाजूला असतो. आतल्या परावर्तकाचा साचाच निराळा करावा लागतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सारी रहदारी डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा गाड्यांचे दिवेही बदलावे लागले होते.

या नियमांचे मूळ १९५८ च्या जिनिव्हा करारात आहे. दिव्यावर वर्तुळातले 'ई' अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. आपला देश त्या करारात नाही, तेव्हा ती खूण परक्याकडूनच घ्यावी लागते. डाव्या रहदारीच्या दिव्यावर आणखी एक बारीक आडवा बाण असतो. उजव्या रहदारीच्या दिव्यावर तो नसतो. एवढ्याशा बाणावर गाडी कोणत्या देशाची, हे ठरते!

पिंपरीची इंडिका २००३ साली 'सिटीरोव्हर' नावाने इंग्लंडात गेली. तिकडची रहदारी डावीकडचीच, म्हणून झोत वळवावा लागला नाही. मात्र मागचा धुक्याचा लाल दिवा तिथे १९८० पासून सक्तीचा होता. २००५ साली रोव्हर कंपनीच बुडाली, आणि तो प्रपंच आटोपला. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. तिथली व्हेंटो पुढे मेक्सिकोला जाऊ लागली. शेजारी तळेगावला जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस देशातली विक्री थांबवली. त्यानंतर तिथे गाड्या बनल्या त्या फक्त बाहेरच्या रस्त्यांसाठी. डिसेंबर २०२० मध्ये तेही काम थांबले आणि हजाराहून अधिक कायम कामगारांसमोर घरी बसण्याची वेळ आली.

आता आमच्या पाहण्यातली एक गोष्ट. दिवे जुळवणाऱ्या एका कारखान्यात रात्रपाळीला दोन्ही तऱ्हेचे दिवे एकाच रंगाच्या पेट्यांतून येत. कंत्राटावरच्या एका बाईंनी बाणाचे दिवे बिनबाणाच्या पेटीत ठेवले. तपासणीत ते सापडले आणि बाईंना दुसऱ्याच दिवशी दारातून परत पाठवण्यात आले. आम्ही व्यवस्थापकांसमोर दोन दिवे ठेवले आणि म्हटले, "साहेब, रात्री तीन वाजताच्या उजेडात ओळखून दाखवा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढच्या आठवड्यात पेट्यांना निळा आणि पिवळा असे दोन रंग आले. बाईंना परत घ्यायला मात्र आणखी चार महिने लागले, आणि त्या आल्या तेव्हा बिनबाणाच्या दिव्यांची मागणीच संपली होती.