रक्ताची साक्ष

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, औषधाचा नाही. तरी आज चोरखमाऱ्यात रक्त-तपासणीच्या इतिहासावर बोलतोय, कारण तो मुळात अनुमानाचा इतिहास आहे.

आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारे दोन आजार आहेत, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. क्रोन्सचं वर्णन न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये केलं. लेकराला हे झालं तर जुलाब, पोटदुखी, शिवाय वाढ खुंटते. दर वेळी दुर्बीण घालून आतडं कसं बघणार? म्हणून रक्तातली खूण बघायची.

पहिली खूण ईएसआर. पोलंडच्या बिएर्नाकींनी १८९७ मध्ये तिचं महत्त्व मांडलं, पुढे स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांनी पद्धत बसवली. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच मोजायचं. सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि लवकर बसतात. दुसरी खूण सीआरपी, १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलेली. ती काही तासांत चढते, सूज ओसरली की लवकर उतरते. ईएसआर मात्र रेंगाळतो.

आता आमचे नैयायिक काय म्हणतात बघा. धूर दिसला की विस्तव असतोच. पण धूर नाही म्हणून विस्तव नाही, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. कोलायटिसच्या कितीतरी मुलांत सीआरपी नॉर्मल येतो, आत सूज असूनही. उलट, आतड्याच्या क्षयातही हेच आकडे चढतात. म्हणजे धूर दिसला, तरी कुणाच्या घरचा ते कळत नाही.

आणि आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची चळतच नीट लागत नाही, त्यामुळे सूज असतानाही ईएसआर कमी दिसू शकतो. लेकराला सिकलसेल असेल, तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

आज शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणीही होते. ती आतड्याच्या जास्त जवळची. तरीही कोणताच आकडा एकटा साक्षीदार पुरेसा नाही. रिपोर्टांच्या फायलीतच लेकराची उंची, वजन तारखेसकट लिहून ठेवा. रक्त गप्प बसलं, तरी ती वही बोलते.