पाळीची नोंद आणि खासगीपणा

मासिक पाळीची नोंद ठेवणारी मोबाइल अ‍ॅप्स २०१० नंतरच्या दशकात जगभर पसरली. बर्लिनचे ‘क्लू’ २०१३ मध्ये आले. सप्टेंबर २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर ‘हेल्थ’ अ‍ॅप दिले. त्यात रक्तदाबापासून आहारातील सोडियमपर्यंत बरेच काही नोंदवता येई; पाळी मात्र नाही. ती सोय वर्षभराने, आयफोनच्या आयओएस ९ या प्रणालीबरोबर आली. स्त्रियांची इतकी नित्याची गरज सुटावी, हा दोष तंत्राचा नव्हता, दृष्टीचा होता. वास्तविक, वापरणाऱ्यांची मूल्ये रचनेच्या आरंभीच ध्यानात घ्यावीत, हा विचार बाट्या फ्रीडमन या अमेरिकी संशोधिकेने १९९० च्या दशकातच मांडला होता.

पुढे खासगीपणाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो अधिक गंभीर होता. ‘फ्लो’ या पाळीची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपने आरोग्यविषयक माहिती फेसबुक व गूगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला; जानेवारी २०२१ मध्ये तडजोड झाली. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. चुकलेल्या पाळीची नोंद आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल, ही भीती तेथील स्त्रियांना वाटू लागली. त्याच वर्षी ‘फ्लो’ने नाव व ईमेल न देता अ‍ॅप वापरण्याची सोय आणली.