परसातील कोंबडीपालन : सुधारित जाती आणण्यापूर्वी

परसातल्या गावरान कोंबड्यांवर वेगळा खर्च फारसा होत नाही, आणि अडीअडचणीला घरातल्या बाईच्या हातात रोख पैसे येतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते. परसातच, पण चांगल्या निगेत वनराजा 100 ते 110, तर ग्रामप्रिया 160 ते 180 अंडी देते. हे आकडे पाहून जात बदलावीशी वाटणे साहजिक आहे. मात्र एक फरक आधी लक्षात घ्या. गावरान कोंबडी खुडूक बसते आणि पुढची पिढी स्वतःच तयार करते. सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणूनच ती जास्त अंडी देते. तिची जागा घेणारी पिले तुम्हालाच आणावी लागतात. ही सोय न केल्यास पहिली तुकडी संपली की खुराडे रिकामे होते.

जातीची निवड

वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केल्या आहेत, तर गिरिराजा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. अंडी विकायची असतील तर ग्रामप्रिया घ्यावी. मांस आणि अंडी दोन्ही हवे असेल तर वनराजा किंवा गिरिराजा. कडकनाथ ही मुळात झाबुआ भागातील देशी जात आहे. अंडी कमी, वाढ सावकाश. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात कडकनाथच्या खरेदी-हमी करारांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्षी परत विकत घेण्याच्या हमीवर कोणतीच जात आणू नये.

गावरान कोंबड्या विकू नका

सुधारित पिले आली की जुन्या कोंबड्या बाजारात नेण्याची घाई होते. तसे करू नका. दोन-तीन चांगल्या खुडूक बसणाऱ्या कोंबड्या ठेवाव्यात. एका कोंबडीखाली 10 ते 12 अंडी ठेवली की 21 दिवसांत पिले निघतात. वनराजा-ग्रामप्रियाची अंडीही अशी उबवता येतात, पण या संकरित जाती असल्याने पुढच्या पिढीत आईइतके उत्पादन मिळत नाही. घरच्या खाण्यापुरती ही पिले ठीक. विक्रीसाठी मात्र दर वेळी उबवणी केंद्रातूनच पिले घ्यावीत. राज्यात पुणे (खडकी), कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. नोंदणी आधी करावी.

पहिले सहा आठवडे

सर्वाधिक मरतूक याच काळात होते. गावरान पिलांना आईची ऊब असते, विकतच्या पिलांना ती तुम्ही द्यायची. पत्रा किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे. कोपरे असले की पिले तिथे दाटी करून गुदमरतात. खाली भाताचे तूस पसरून त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र अंथरावे. एका पिलामागे 2 वॅट या हिशेबाने बल्ब लावावेत. पहिल्या आठवड्यात तापमान 35 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे, नंतर दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी कमी करावे. तापमापक नसेल तर पिलांकडे पाहा. बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. रात्री वीज जाते त्या गावात कोळशाची शेगडी तयार ठेवावी, पण धूर कोंडू देऊ नये.

लसीकरण

मानमोडी (राणीखेत) आली की अख्खे खुराडे दोन-चार दिवसांत साफ होते. सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी द्यावी. मरेक्सची लस उबवणी केंद्रातच दिली आहे का, ते विचारून घ्यावे.

लहान पालकाची खरी अडचण कुपीची असते. एका कुपीत 100 किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि पातळ केलेली लस दोन तासांत संपवावी लागते. वीस पिलांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून लस टळते. वाडीतल्या पाच-सहा घरांनी पिले एकाच आठवड्यात आणावीत आणि लस एकाच सकाळी टोचून घ्यावी. विस्तार कार्यकर्त्यांनी आणि पशुसखींनी पिलांचे वाटपही याच पद्धतीने ठेवावे. लस थर्मासमध्ये बर्फावर आणावी.

मोकळे सोडल्यावर

सहा आठवड्यांनंतर पक्षी दिवसा मोकळे सोडावेत. वनराजा अंगाने जड असते, गावरानसारखी चटकन उडून जात नाही. मुंगूस, कुत्रे, घार यांपासून जपावे लागते. रात्री बंद, हवेशीर खुराडे हवेच. चरून आल्यावर संध्याकाळी मूठभर भरडा पुरतो. लाडाने जास्त खाऊ घातल्यास मादी चरबीवर जाते आणि अंडी घटतात. सहा महिन्यांची वनराजा मादी 2 ते 2.2 किलोच्या आसपास असावी. अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा द्यावा, नाहीतर कवच पातळ पडते. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरे, उरलेले विकावेत.

नरांना आखाडात मागणी असते, श्रावण लागला की ती उतरते. त्यासाठी एक दिवसाची पिले फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला आणावीत. त्याच तुकडीतील तलंगा सप्टेंबरच्या सुमारास अंड्यावर येतात आणि थंडीतल्या मागणीच्या दिवसांत अंडी हाताशी असतात.