सावलीचा हजेरीपट

आमच्या रहिमतपुरात पाहुणा आला की आधी त्याला रणदुल्लाखानाची मशीद आणि कबर दाखवायची, मग वसंत कानेटकर इथे जन्मले हे सांगायचे, ही रीत. कवी गिरीशांचे चिरंजीव, एवढा मोठा नाटककार, आपल्या गावचा. मी इतिहास शिकले, पुढे तीस वर्षे कॉलेजात शिकवला. पण शिक्षणाचा इतिहास कसा वाचायचा हे मला कानेटकरांच्या एका नाटकाने शिकवले. ‘हिमालयाची सावली’, १९७२ सालचे. नानासाहेब भानूंची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची, बयोची शांता जोगांची. ही दोन्ही पात्रे महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या पत्नी बाया यांच्यावरून सुचलेली.

अकरावीत असताना वाचनालयातली प्रत घरी आणली आणि आईला चुलीपुढे बसून वाचून दाखवली. आई चौथी शिकलेली. तिने मध्येच विचारले, “ह्या बाईला पगार किती हुता गं?” मला हसू आले होते. पुढे पंचवीस वर्षांनी त्या प्रश्नाशी मी पुन्हा येऊन थांबले.

बाया म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहानपणीच विधवा झालेली. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला आणले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडले तेव्हा तिथे दाखल होणारी पहिली विधवा ती ठरली. ११ मार्च १८९३ रोजी तिचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. कर्वे तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. लग्नानंतर तिचे नाव आनंदी झाले. कर्व्यांच्या मूळ गावी, मुरुडला, या लग्नापायी बहिष्कार आला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला आणि कर्वे पुण्याहून पायी तिकडे जाऊ लागले. लोकांनी मदतीचा हात आखडता घेऊ नये म्हणून आश्रम विधवाविवाहाच्या चळवळीपासून जाणूनबुजून लांब ठेवला गेला. म्हणजे ज्या विवाहातून हे सगळे उभे राहिले, त्या विवाहाला आश्रमाच्या दारात जरा बाजूलाच उभे राहावे लागले.

प्रपंच चालवायचा होता. बायांनी नागपूरला जाऊन सुइणीचे शिक्षण घेतले आणि त्या कमवू लागल्या. इकडे कर्व्यांनी पगारातला पैसा आश्रमात घातलाच, वर स्वतःच्या पाच हजारांच्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. कर्व्यांच्या चरित्रात हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो, आणि तो त्यागच आहे, मला त्यात तिळमात्र शंका नाही. पण त्या पॉलिसीवर एका बाईचे आणि तिच्या मुलांचे उद्याचे जेवण अवलंबून होते. बायांनी ‘माझे पुराण’ नावाचे आत्मचरित्र लिहिले. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कर्व्यांच्या आत्मचरित्राशेजारी ते ठेवून वाचावे असे मी वर्गात सांगत आले. एकच घर, पण हिशेबाच्या वह्या दोन.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा. उशिरा अक्षरओळख झाली, तरी आश्रमाच्या वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामे केली, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी पैसा जमवून आणला. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले होते. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव लागले, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. देणगी मोठी होती, आईच्या स्मरणाचा मुलाला हक्क होता. दारोदार फिरलेल्या बाईचे नाव मात्र पाटीवर आले नाही, आणि ते यायला हवे होते असे कुणाच्या मनातही आले नाही. मला बोलायचे आहे ते या मनात न येण्याबद्दल.

याच घरात पुढे सून आली, इरावती. महर्षींचे पुत्र दिनकर यांच्या पत्नी. १९२८ मध्ये दिनकररावांनी बायकोला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले तेव्हा महर्षींना ते पसंत नव्हते. स्त्रियांचे विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. पुढे कळले की त्यात दुष्टपणा शोधू नये. विधवेने शिकून स्वतःच्या पायावर उभे राहणे त्यांना दिसत होते. संसारी सुनेने केवळ ज्ञानासाठी बर्लिन गाठणे त्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलेच नव्हते. इरावतीबाई जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन गेल्या. माणसाच्या कवटीची विषमता वंशावर ठरते का, हा अभ्यास त्यांना दिला गेला. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठता मानणारे. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध नाही असे निष्कर्षात लिहिले. डॉक्टरेट घेऊन परत आल्या, काही वर्षे त्याच महिला विद्यापीठात कारभार पाहिला, आणि १९३९ पासून निवृत्तीपर्यंत डेक्कन कॉलेजात राहिल्या.

उघड नकाराची गोष्ट वेगळी. कमला भागवतांना, म्हणजे लेखिका दुर्गा भागवतांच्या बहिणीला, १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी सत्याग्रहाचा पवित्रा घेतला, एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. तोंडावर दार लावले तर ते ठोठावता येते. सावलीला दारच नसते.

आमच्या सातारा जिल्ह्यात या सावलीला फार प्रेमाची नावे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याने चालवलेल्या बोर्डिंगच्या पोरांच्या पोटासाठी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले, आणि १९३० मध्ये त्या गेल्या. पोरे त्यांना वहिनी म्हणत, आज आपण रयतमाउली म्हणतो. तो शब्द उच्चारताना माझेही डोळे भरतात. पण माउली हे पद नाही. त्याला वेतनश्रेणी नाही, सेवापुस्तक नाही, आईच्या प्रश्नाला उत्तर नाही.

मी ज्या कॉलेजात होते तिथे कुणी माझ्याशी वाईट वागले नाही. चर्चासत्र ठरले की अध्यक्षस्थानी कोण, बीजभाषण कोणाचे, यावर सर लोक बसत. मग माझ्याकडे वळत, “मॅडम, पाहुण्यांचं तुम्ही बघा. आणि तुमचं अक्षर छान आहे, इतिवृत्त तुम्हीच लिहा.” हे आपुलकीने म्हटले जाई. सकाळच्या एस.टी.ने रहिमतपूर सोडायचे, संध्याकाळी परतून स्वयंपाक, आणि प्रबंध रात्री. तो पुरा व्हायला अकरा वर्षे लागली. माझ्यानंतर लागलेले दोन सर तोवर पदोन्नतीत पुढे गेले होते. नियमाने गेले होते, फाइलीत काही चूक नव्हती.

आणि एकदा मुलाखतीच्या मंडळावर मी स्वतः बसले होते. समोर साताऱ्यात पोवई नाक्याजवळ खोली घेऊन शिकलेली, हुशार पोरगी. मी तिला विचारले, “लहान मूल आहे म्हणता, जमेल का?” त्याआधी आलेल्या तिघा मुलांना मी हे विचारले नव्हते. त्यातल्या दोघांना मुले होती. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि तरीही पुढचा प्रश्न घेतला. त्या रात्री झोप लागली नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात विभागाचे कपाट रिकामे करताना इतिवृत्तांच्या वह्या सापडल्या, सतरा वर्षांच्या. सगळे अक्षर माझे. प्रत्येक पानावर वरती उपस्थितांची नावे, खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. बऱ्याच पानांवर उपस्थितांत माझे नाव नाही. ती यादीही मीच लिहिली होती.