शिरूरच्या मुली, 1994

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले आणि लढाया येतात. आज एका वसतिगृहाचा इतिहास ऐकू या. तो फार जुना नाही. तुमच्यापैकी कित्येकींची लग्नं झाली असतील त्या सुमाराचा, 1994 सालचा आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूरला मतिमंद मुलींचं एक सरकारी वसतिगृह होतं. ‘मतिमंद’ हा तेव्हाचा सरकारी शब्द. आता आपण बौद्धिक दिव्यांग म्हणतो. 1994 च्या फेब्रुवारीत तिथल्या दहाहून जास्त मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेलं आणि त्यांची गर्भाशयं काढून टाकली. आपल्या भाषेत सांगायचं तर पिशवी काढली. कुठल्या आजारावरचा उपाय म्हणून हे ऑपरेशन नव्हतं. या मुलींना पाळीत स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. दुसरंही एक कारण होतं, जरा दबक्या आवाजातलं. उद्या कुणी गैरफायदा घेतलाच, तर निदान दिवस तरी जाणार नाहीत.

आधी पहिलं कारण बघू. ज्या मुलीला पाळीचं कळत नाही, तिला बहुतेक वेळा शी-शूचंही कळत नसतं. ते तर रोजचं काम आहे आणि पाळी महिन्यातले चार-पाच दिवस. म्हणजे रोज कुणीतरी तिला धुतंय, पुसतंय, कपडे बदलतंय. मग त्या चार दिवसांचंच एवढं ओझं का व्हावं? कारण धुणारे हात कमी असतात. एकेका मावशीच्या वाट्याला किती मुली येतात, रात्री ड्युटीवर कितीजणी असतात, कपडे आणि पॅड पुरेसे मिळतात की नाही, नळाला पाणी आहे का, हे सगळे प्रश्न पैशाचे आणि माणसांचे. ते सोडवायला वर्षानुवर्षं लागतात. ऑपरेशन एका दिवसात उरकतं.

आणि शिकवता येत नाही हेही खरं नाही. विशेष शाळांतल्या बाई हे काम रोज करतात. पाळी यायच्या आधीपासून सुरुवात करायची. चड्डीवर पॅड कुठे बसतो ती जागा रंगाने आखून द्यायची, बदलायची वेळ रोज तीच ठेवायची, जागा तीच, शक्यतो बाईही तीच. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून टाकायचा, हात धुवायचे, इतकं शिकायला एखादीला सहा महिने लागतात, एखादीला दोन वर्षं. काहीजणींना कधीच जमत नाही. त्यांचं दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं, जसं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं आपण करतो. सासूच्या बाबतीत आपण कुठला अवयव काढायचा विचार करत नाही.

दुसरं कारण तर मला पहिल्याहून भयंकर वाटतं. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, तो फक्त लपतो. जिला नीट बोलता येत नाही, जिला तारीख-वार कळत नाही, जिची साक्ष पोलीस चौकीत कुणी मनावर घेत नाही, तिच्यावर बंद दाराआड काय झालं हे बाहेरच्या जगाला कळायची वाट अनेकदा एकच असते, तिला राहिलेले दिवस. ती वाटही बुजवून टाकली की आतला माणूस निर्धास्त झाला. म्हणजे या उपायाने सुरक्षित झालं कोण?

बरं, होकार कुणाचा घेतला असेल? ही मुलगी सही करू शकत नाही असं धरलं, तर तिच्या वतीने पालक करतात. जिला घरचं कुणीच नाही, तिची पालक म्हणजे संस्थाच. ज्यांचं काम हलकं होणार, त्यांनीच होकार द्यायचा! इथे एक सांगते, मी आयांना दोष देत नाही. घरी एकटीने मोठ्या मुलीला सांभाळणारी, स्वतः साठीला आलेली आई ‘माझ्यामागे हिचं काय’ या धसक्याने डॉक्टरकडे असं काही विचारायला जाते. तिला दुसरा आधार आपण दिलेला नसतो. पण सरकारी वसतिगृह म्हणजे थकलेली एकटी आई नव्हे.

बातमी बाहेर आली आणि पुण्या-मुंबईच्या स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. अपंगांसाठी काम करणारेही त्यांच्यासोबत उभे राहिले. काही डॉक्टरांनी आणि पालकांनी मात्र ऑपरेशनचं जाहीर समर्थन केलं. वाद देशभर गाजला. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढची ऑपरेशनं थांबवली. मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही गेली. गंमत बघा, राज्य महिला आयोग आदल्याच वर्षी, 1993 मध्ये स्थापन झाला होता आणि 22 जून 1994 रोजी महाराष्ट्राने आपलं पहिलं महिला धोरण जाहीर केलं. शिरूरच्या मुली त्या वर्षाच्याच.

आपला कायदा या माणसांकडे कसा बघत आला, तेही थोडक्यात सांगते. इंग्रजांच्या 1912 च्या कायद्यात मनोरुग्ण आणि जन्मतः बुद्धी कमी असलेले, दोघांनाही एकाच शब्दात, वेड्यांत, धरलं होतं. हा फरक करणारा 1987 चा कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो 1993 मध्ये. मधल्या काळात काम उभं राहिलं ते बरंचसं पालकांमुळे. 1944 मध्ये मुंबईत जय आणि होरमसजी वकील या दांपत्याने आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, शाळा सुरू केली. ती आजही आहे. पण शाळा संध्याकाळी सुटते. रात्रीचं काय, हा वसतिगृहांचा प्रश्न आहे.

2009 मध्ये चंदीगडच्या एका सरकारी निवासगृहात अशाच एका तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र बाळ हवं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट 2009 मध्ये न्यायालयाने सांगितलं की ती सज्ञान आहे, तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. पुढे तिला मुलगी झाली. जिला काही कळत नाही असं सगळे म्हणत होते, तिला काय हवं हे कुणीतरी विचारलं होतं.

आपल्याकडे 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या संस्थेत मुलांचे हाल आणि मृत्यू झाल्याची बातमी आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातल्या अशा वसतिगृहांची पाहणी सुरू झाली. त्याच सुमारास पनवेलजवळच्या एका खासगी संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या.

पाहणी म्हणजे नुसती रजिस्टरं तपासणं नव्हे. साहेब येणार म्हटल्यावर चादरी बदलतात, हे आपल्या अंगणवाडीतही होतं. न सांगता, जेवणाच्या किंवा आंघोळीच्या वेळी जावं. मुलींची वजनं मागच्या वर्षीपेक्षा घटली आहेत का, न्हाणीघराला आतून कडी आहे का, पुरुष कर्मचारी रात्री कुठे झोपतो, एखादी मुलगी ठरावीक माणूस आला की भिंतीकडे का सरकते, हे बघावं. बोलता न येणारी मुलगीही पुष्कळ सांगत असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एक गोष्ट स्पष्ट लिहिली. मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही वैद्यकीय उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करायचा नाही. शिरूरनंतर बावीस वर्षांनी. आणि पिशवी काढून अडचण मिटवायची सवय काही फक्त वसतिगृहांची नव्हती. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांची चर्चा 2019 साली विधिमंडळापर्यंत गेली. तिथेही पाळी कामाच्या आड येत होती.

एक गाठ अजून सुटलेली नाही. बालगृहात अठरा वर्षांपर्यंतच राहता येतं. जी मुलगी दहा वर्षं एकाच मावशीच्या हाताखाली पॅड बदलायला शिकली, तिला अठराव्या वाढदिवसानंतर नव्या जागी, नव्या माणसांत पाठवायचं, म्हणजे शिकलेलं बरंचसं पुसून टाकायचं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर हेच सांगत आले आहेत. टाकून दिलेल्या शंभराहून जास्त दिव्यांग मुलांना त्यांनी सांभाळलं आणि वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाली म्हणून अशा बेवारस मुलांना बाहेर काढू नये, असा कायदा करा, ही त्यांची मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.