सहा डिसेंबरचे दोन धागे

वाशीमच्या विसर्जन मिरवणुकीत खाकीतला होमगार्ड दिसतो, पण त्याच्या संघटनेचा जन्म फारसा कोणाला आठवत नाही. जातीय दंगलींच्या छायेत मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी ती उभी राहिली. वाशीम तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होते. पोलिसांच्या हाताला नागरिकांचा हात, ही त्यामागची कल्पना.

पण दंगल पेटूच नये म्हणून काय करायचे? याचे एक उत्तर भिवंडीत मिळाले. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी पोळलेल्या या यंत्रमागांच्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला समित्या उभारल्या. जुन्या शांतता समित्यांत प्रतिष्ठितांचा भरणा असे. इथे दोन्ही समाजांतली साधी माणसे पोलिसांसोबत शांततेच्या काळातही बसू लागली. गल्लीतल्या कुरबुरी गल्लीतच मिटू लागल्या.

६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पडली. मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. होमगार्डच्या स्थापनेला त्याच दिवशी ४६ वर्षे पूर्ण झाली होती.

संकटात धावून येणारा स्वयंसेवक हवाच. पण भिवंडी सांगते, बंदोबस्त एका रात्रीत लावता येतो. ओळख मात्र आधीपासून असावी लागते.